कटिंगच्या टेबलावरचं इंजिन

२ मार्च, रविवार

काय वही, बरी आहेस ना? सात वर्षं ट्रंकेच्या तळाशी होतीस आणि कसर लागली नाही, म्हणजे तब्येत उत्तम म्हणायची. माझी विचारशील तर पाठ सोडून सगळं जागेवर. हिचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना गप्प. हिची धाकटी बहीण फोनवर "मी अगदी मजेत" म्हणते आणि मग दोघी अर्धा तास कुजबुजतात, म्हणजे मजेत नाही. शेजारची दातांची डॉक्टर ठणठणीत, सकाळी नऊच्या ठोक्याला भिंतीपलीकडे ड्रिल सुरू. आणि धाकटीचा नवरा, म्हणजे माझा साडू? त्याची चौकशी मी करत नाही. त्याचं त्याला ठाऊक!

राहिलं इंजिन. त्याची तब्येत सगळ्यांत वाईट. आज परसातल्या बोटीतून काढून घरात आणलं. नाक्यावरचा लोखंड कातणारा लेथवाला स्वतः आला, दोन माणसं आणि साखळीची कप्पी घेऊन. ठेवलं कुठे? चाळीस वर्षं ज्यावर मी लोकांचे शर्ट-पँट बेतले त्या कटिंगच्या टेबलावर! टेबल एकदा करकरलं, मग नशिबाला शरण गेलं.

ही दारात उभी. "अहो, हे किती दिवस इथं?"

"महिनाभर."

"बाथरूमचा नळही महिनाभरात करणार होतात. कोणत्या महिन्यात ते तेवढं विचारायचं राहिलं."

वही, तू मूळची मापवही. छाती, कंबर, बाही असे रकाने आहेत तुझ्यात. माझं दुःख कमरेपासून सुरू होऊन बाहीपर्यंत जाईल, चालवून घे.

३ मार्च

मूळ भानगड लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारपणी विसरेन. (हे काय मग, तारुण्य?)

बोट निम्मी माझी, निम्मी साडूची. तो शाळेत भूगोल शिकवायचा म्हणून मास्तर, मी टेलर म्हणून मास्तर. एकमेकांना मास्तरच म्हणायचो. दर रविवारी चौघं तळ्यावर.

मोटारीच्या इंजिनाला समोरून वारा लागतो. बोटीचं इंजिन पेटीत बंद, त्याला वारा कुठला! ते तळ्यातलं पाणी पितं, पोटातून फिरवतं आणि मागच्या नळीतून थुंकतं. थुंकतंय तोवर थंड. पाणी आत घ्यायला बोटीच्या तळाशी एक तोटी आहे. ती उघडायचं काम साडूचं. इंजिनाचं बाकी सगळं माझ्याकडे, कारण पुस्तकं वाचून वाचून ते मीच शिकलो.

सात वर्षांपूर्वी एका रविवारी तळ्याच्या मधोमध इंजिनाने वाफ सोडली, एकदा किंचाळलं आणि जाम! मी खाली हात घातला. तोटी बंद.

"मास्तर, तोटी बंद आहे."

"वाफ बघून मीच आत्ता बंद केली. आधी उघडली होती."

"उघडी असती तर वाफ कशाला आली असती?"

"इंजिन तू जोडलंयस. तूच सांग."

मग मी डब्याचं झाकण घेतलं, त्याने बसायची फळी घेतली आणि दोघं दोन बाजूंनी वल्हवू लागलो. दोघं रागात, दोघांची लय वेगळी. बोट जागच्या जागी गोल! दोघी बहिणी हसून हसून रडकुंडीला आल्या. किनाऱ्याला लागलो तेव्हा उन्हं कलली होती आणि बोलणं बंद झालं होतं. ते आजतागायत.

आता १८ एप्रिलला धाकटीला साठ पूर्ण होतायत. परवा ही म्हणाली, "त्या दिवशी मला चौघं बोटीत हवेत. दुसरं काही नको." भाजी निवडताना म्हणाली, मान वर न करता. तशी म्हणाली की ते खरं असतं.

तर माझा बेत असा. इंजिन उघडायचं. ते तोटी बंद असल्यामुळेच तापलं हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं. पुराव्याचा फोटो तोटीबहाद्दराला पाठवायचा. तो माफी मागेल, मी मोठ्या मनाने माफ करीन, चौघं बोटीत. मोठं मन आत्तापासून तयार ठेवलंय.

५ मार्च

एक नट निघाला. बाकीचे माझ्याकडे बघून हसतायत.

८ मार्च

डोकं उघडलं. इंजिनाचं. चारांपैकी दोन पिस्टन सिलिंडरला असे चिकटलेत, जणू लग्नच लागलंय. लेथवाला म्हणाला, "काका, हे मी घासून देतो. तुम्ही तेवढं शिवू नका."

फार हुशार समजतो स्वतःला. पण शिवण्याचा उपयोग आहेच! इंजिनाची तोंडं उघडी राहिली तर गांधीलमाशी आत घर करते, म्हणून प्रत्येक तोंडाला मी कापडाचं बूच लावतो. नुसती चिंधी कोंबली तर सुटलेला धागा आत जायचा. म्हणून काठ दुमडून, कोपरे मोडून, नीट शिवून. आज तेरा बुचं झाली. खोकं भरून तुकडे आहेत, लोकांचे कपडे बेतून उरलेले.

ही चष्म्यावरून बघत म्हणाली, "झालं? आता झबली-टोपडीही शिवा त्याला."

९ मार्च

नट ठेवले होते बटणांच्या डब्यात. आज हिने माझ्या शर्टाला बटण लावायला डबा उघडला. शर्टाला नट लावून दिला! म्हणे, "तुम्हाला आवडेल असं वाटलं." दिवसभर तोच घालून फिरलो. वाईट नाही दिसत.

१२ मार्च

पुरावा नंबर एक!!

पाणी ओढणारा पंप उघडला. आत रबरी पंखा असतो, सहा पाकळ्यांचा. चारच सापडल्या, त्याही करपलेल्या. पाणी न मिळता फिरला म्हणून करपला. पाणी का मिळालं नाही? तोटी बंद! धावत लेथवाल्याकडे गेलो.

तो पंखा हातात फिरवत म्हणाला, "पाणी पुढे कुठं अडलं असेल तरीही असाच जातो हा. तेच पाणी आत घुसळून घुसळून उकळतं."

लेथवालाच शेवटी. त्याला काय कळतंय.

मात्र तुटलेल्या दोन पाकळ्या शोधायलाच हव्यात. त्या पंपापुढच्या वाकड्या पाइपात गेल्या असणार. तशाच राहिल्या तर दुरुस्त झालेलं इंजिनही तापेल. पाइप बघितला. आत काळोख. तार घातली, तार वाकली. फुंकर मारली, तोंड काळं.

१५ मार्च

आजचा दिवस सोन्याने मढवून ठेवण्यासारखा!

पाइप घेऊन शेजारी गेलो. डॉक्टर एका गृहस्थांच्या दाढेशी झटत होती. दाढ बधिर व्हायची होती, तेवढ्यात ती बाहेर आली.

"काय काका, कोणता दात?"

पाइप पुढे केला. तिने न हसता तो खुर्चीवरच्या दिव्याखाली धरला. अस्सल डॉक्टर! "कधीपासून त्रास आहे?"

"सात वर्षं."

"आणि आत्ता दाखवताय?" तो छोटा आरसा घातला, बाकदार हूक घातला. "हं. एक रबराचा तुकडा… हा घ्या. दुसरा… हा. थांबा, मागे आणखी काहीतरी मऊ आहे."

दाढवाले गृहस्थही गालात कापूस धरून बघायला आले. म्हणाले, "ओऊ. ओऊ आ!" म्हणजे ओढू नका की ओढा, कळलं नाही. तिने ओढलंच. पाइपातून काळाकुट्ट बोळा बाहेर आला. कापड!

घरी आणून साबणाने धुतलं. करडा रंग, त्यावर बारीक निळी रेघ. ही रेघ मी झोपेतही ओळखीन. साडूच्या पँटचं कापड! निवृत्तीच्या समारंभाला मीच शिवून दिली होती. ती घालून त्याने पाऊण तास भाषण केलं होतं, पँटचा उल्लेख न करता.

म्हणजे तोटी वगैरे सोडाच, याने माझ्या इंजिनात चक्क पँट कोंबली! का कोंबली ते तो सांगेल. मी फक्त फोटो पाठवणार.

१६ मार्च

फोटो काढला. उद्या पाठवतो. मोठं मन इस्त्री करून ठेवलं.

१७ मार्च

पाठवला नाही.

कापड मी दोरीवर वाळत घातलं होतं. दुपारी ही कपडे काढायला गेली आणि तिथूनच हाक मारली. "अहो, जरा इकडे या. याला काठ आहे."

"असेल. पँटला काठ असतोच."

"पँटचा तुकडा नाही हा. चारी बाजूंनी काठ आहे, कोपरे मोडलेत." तिने कापड उन्हात धरलं. "टाका बघा."

बघितला. दुहेरी दुमड. इंचाला आठ टाके. कोपऱ्यावर एक उलटा टाका घेऊन धागा आत लपवलेला. असा धागा लपवायला मी माझ्या वडिलांकडून शिकलो आणि पुढे कुणीच माझ्याकडून शिकलं नाही, त्यांना वेळ नव्हता.

मी म्हणालो, "तुकडा मास्तरनेच नेला असेल मागून."

"हो. आणि घरी बसून काठ शिवला असेल. त्यांना रुमालाची घडी येत नाही."

दोरीवरचे बाकीचे कपडे हलत होते.

आठवलं सगळं. त्या रविवारी तळ्यावर जायच्या आधी मीच पाइप काढून साफ केले होते. मीच बुचं लावली होती. पाइप परत जोडताना बुचं काढली होती. मोजली नव्हती.

ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. कापडाची घडी करून माझ्या हातात दिली. "म्हणजे मास्तरांनी तोटी उघडली होती," एवढंच म्हणाली. आत जाताना दारात थांबली. "मी धाकटीला काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा त्यांना."

१८ मार्च

तेरा बुचं मोजली. तेरा भरली. जेवून पुन्हा मोजली.

२० मार्च

साडूला फोन लावला. त्याने उचलला. सात वर्षांत आवाज जराही बदलला नाही, तसाच, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. "हॅलो, कोण?"

मी म्हणालो, "राँग नंबर."

तो म्हणाला, "बरं." ठेवला.

साठी-सत्तरीत माणसाने राँग नंबर म्हणून पळावं? दारावरची बेल वाजवून पळणाऱ्यांना मी जन्मभर ओरडलो!

२१ मार्च

पत्र लिहितो. पत्रात आवाज थरथरत नाही.

पहिला मसुदा: "प्रिय मास्तर, इंजिन उघडलं. आत एक कापड सापडलं. कळावे." हिने वाचलं. "कुणाचं ते?"

दुसरा: "आत एक कापड सापडलं. ते आत कसं गेलं हे आता सांगणं कठीण." ही म्हणाली, "तुम्हाला कठीण जातंय, ते वेगळं."

तिसऱ्यात मी वाऱ्याने उडून गेलं असावं असं सुचवलं. "वारा काठ शिवतो वाटतं?"

फाडले तिन्ही. चौथ्यात हवापाण्याबद्दल दोन पानं लिहिली. फार छान झाली होती. तीही फाडली.

२४ मार्च

इंजिन सांगतं ते कळतं, ते बरं. लेथवाल्याकडून सिलिंडर आले, आरशासारखे. नवे पिस्टन, नवा रबरी पंखा. पंखा आत बसवताना भांडी घासायचा साबण चोळायचा, म्हणजे कोरडा फिरून फाटत नाही. हे पुस्तकात आहे. साबण संपला हे पुस्तकात नव्हतं. ते हिने सांगितलं.

२७ मार्च

थर्मोस्टॅट तपासला. म्हणजे इंजिनाच्या पोटातलं आपोआप उघडणारं दार. पाणी तापलं की उघडतं आणि गरम पाणी बाहेर सोडतं. तपासायची रीत अशी: उकळत्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवायचा आणि उघडतो का बघायचं. लोंबकळत ठेवला. दिमाखात उघडला!

"अहो! हे दुधाचं पातेलं!"

"धुतलंय मी."

"आधी की नंतर?"

पातेलं आता कायमचं माझं झालं.

२ एप्रिल

इंजिन परसात, बोटीत परत बसवलं. टेबल मोकळं. टेबलाला अजून विश्वास बसत नाहीये.

तळ्याऐवजी पाण्याचं पिंप ठेवलं. एक नळी पिंपात, बागेचा नळ पिंपात सोडून दिला, मागची नळी मोरीच्या दिशेने. किल्लीला हात घालणार, तोच ही समोर! हातात माझी बुचं, दोरीला चिमट्याने अडकवलेली.

"मोजून झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. एक… दोन…" बारापर्यंत आली. "तेरावं?"

मागे वाकलो, पुढे वाकलो, पाइप हलवले. नाही!

"खिशात बघा."

खिशात होतं. ही म्हणाली, "चला. इंजिन सुटलं."

किल्ली फिरवली. खोकलं, शिंकलं, आणि चालू! सात वर्षांनी! मी ओरडलो, ही ओरडली, भिंतीपलीकडून डॉक्टरही ओरडली. ती निराळ्या कारणाने. सात मिनिटं चाललं आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला. बंद केलं. थुंकत होतं पाणी, तरी तापत होतं!

३ एप्रिल

थर्मोस्टॅट उलटा बसवला होता. गरम पाणी ज्या बाजूने यावं तिकडे पाठ करून. दुधाच्या पातेल्यात सुलटा लोंबकळत होता आणि इंजिनात उलटा! ही म्हणाली, "म्हणजे ऊब जिकडून येते तिकडेच पाठ करून बसला होता. असतात असे."

मी तो काढून सुलटा बसवला.

९ एप्रिल

पंचेचाळीस मिनिटं! काटा मधल्या रेषेवर असा ठाण मांडून बसला की मी दोनदा काचेवर टिचकी मारली. मागून कोमट पाणी पडत होतं. हिने घमेलं लावलं, खुर्ची आणली आणि गुडघ्यांवर तांब्याने पाणी घेत बसली. "हे बरंय. हे रोज लावत जा."

डॉक्टर भिंतीवरून डोकावली. "काका, माझा एक्स-रे हललाय! त्या बाईंना सहा सुळे दिसतायत!" पण हसत होती. मग म्हणाली, "तो बोळा कुणाचा होता, कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो.

एक सांगतो वही. काटा मध्यावर टेकला त्या क्षणी मी वळून म्हणालो, "मास्तर, बघ!" सवयीने. तोटीपाशी कुणी नव्हतं. तोटी मीच उघडली होती, मीच बंद करायची होती.

११ एप्रिल

नववा मसुदा. "चूक झाली" इथपर्यंत पोचलो. "कुणाची" हा शब्द आला की हात आखडतो. चाळीस वर्षं लोकांची पोटं मापाच्या टेपात पकडली, एकालाही वाईट वाटू दिलं नाही. स्वतःचं माप घ्यायची वेळ आली तर टेप सापडत नाही!

ही ताट वाढताना म्हणाली, "टपाल पोचायला तीन दिवस लागतात."

"माहीत आहे."

"धाकटी विचारत होती, केक दोघांपुरता करू की चौघांपुरता."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पीठ भिजवायचं थांब."

१२ एप्रिल

दहावा मसुदा चांगला आलाय. फारच चांगला. दोनदा वाचला आणि लक्षात आलं, त्यात चूक इंजिनाची आहे.

१३ एप्रिल

मास्तर, पत्र जमत नाही. म्हणून ही वहीच पाकिटात घालून तुला पाठवतोय. १७ मार्चचं पान आधी वाच. 'तोटीबहाद्दर' खोडायला बसलो होतो, हिने पेन काढून घेतलं. म्हणाली, "असू दे. त्यांनीही तुम्हाला काहीतरी म्हटलंच असेल." काय म्हणायचास ते मागच्या कोऱ्या पानांवर लिही आणि वही घेऊन अठराला सकाळी तळ्यावर ये. यायचं नसेल तरी लिही. पण लवकर लिही.